माल सुटला, माणूस अडला

आज 1 मे. महाराष्ट्राचा स्थापना दिवस, जगभरच्या कामगारांचा दिवस आणि जालना जिल्ह्याचा वाढदिवस. औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड आणि परभणीतून परतूर असा भाग काढून 1 मे 1981 रोजी हा जिल्हा उभा राहिला. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा धरून तालुके आठ झाले. आज जिल्हा पंचेचाळिशीचा झाला. सकाळी ध्वजारोहण, संचलन, सत्कार आणि भाषण होईल. भाषणात बियाण्यांची राजधानी येईल, पोलादनगरी येईल, भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी येईल, समृद्धी महामार्ग आणि वंदे भारत येईल. ‘जालना, सोने का पालना’ ही जुनी म्हणही कोणीतरी म्हणेल. यातले काहीच खोटे नाही. हे वैभव आहे आणि ते या जिल्ह्याने कष्टाने कमावले आहे.

पण ही यादी जरा थांबून वाचली, तर एक गोष्ट लक्षात येते. तिच्यातली प्रत्येक वस्तू जिल्ह्याबाहेर जाणारी आहे. सळई जाते, बियाणे जाते, मोसंबी जाते, आणि त्यांना नेणारे रस्ते व गाड्या वेळेवर सुटतात. ज्यांच्या हातून या वस्तू घडतात त्यांची वाट मात्र कुठे ना कुठे अडते. कधी पाण्यासाठी, कधी पाससाठी, कधी अनुदानासाठी. अशा विसंगतींना आपण दैवदुर्विलास म्हणतो, हळहळतो आणि पुढे जातो. दैवावर भार टाकला की माणसांची चौकशी टळते. जालन्याच्या पंचेचाळीस वर्षांत अशा जखमा बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींच्या मागे कोणाचा तरी आदेश, कोणाची तरी सही किंवा कोणाचे तरी मौन आहे.

सहा वर्षांपूर्वीचा हाच आठवडा घ्या. 30 एप्रिल 2020 रोजी मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत संपली. अनुशेष मोजून तो भरून काढण्यासाठी 1994 मध्ये ही मंडळे आली होती. अनुशेष संपला म्हणून नव्हे, मुदतवाढ मिळाली नाही म्हणून ते थांबले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र साठ वर्षांचा झाला. टाळेबंदी होती, सोहळा नव्हता. त्याच कामगार दिनी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाला देशातली पहिली ‘श्रमिक विशेष’ गाडी सुटली. गावाकडे निघालेल्या मजुरांना सरकारने अखेर गाडी दिली, याचे समाधान सगळ्यांना वाटले. सात दिवसांनी, 8 मेच्या पहाटे, बदनापूर आणि करमाड या स्थानकांदरम्यान सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले.

हे मजूर जालन्यातल्या पोलाद कारखान्यात कामाला होते. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, बहुतेक आदिवासी तरुण. काम बंद झाले होते, हातातले पैसे संपत आले होते. ई-पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आले नव्हते, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने वीस जणांची ही टोळी 7 मेच्या संध्याकाळी निघाली. डांबरी रस्त्याने गेले तर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रुळांची वाट धरली. रात्रभर चालून करमाडजवळ थकून बसले आणि तिथेच डोळा लागला. गाड्या बंद आहेत, हे साऱ्या देशाला ठाऊक होते. बंद होत्या त्या माणसांच्या गाड्या. मालगाड्या सुरू होत्या, कारण इंधन, धान्य, खत थांबून चालणार नव्हते. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडकडे निघालेली इंधनाच्या रिकाम्या टाक्यांची गाडी आली. चालकाने भोंगा वाजवला, ब्रेक दाबला. रुळांपासून थोडे दूर बसलेले साथीदार ओरडले. उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्या, चपला आणि कपड्यांच्या गाठोड्यांची छायाचित्रे होती. पोळ्या वाटेसाठी बांधून घेतल्या होत्या.

आयुष्यभर लोखंड वितळवणाऱ्यांना लोखंडाच्याच दोन पट्ट्यांवर मरण यावे, एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. जिवंतपणी ज्यांना गाडी मिळाली नाही, त्यांच्या मृतदेहांसाठी ती लगेच मिळाली. औरंगाबादहून जबलपूरकडे निघालेल्या श्रमिक विशेष गाडीला डबे जोडून ते रवाना झाले. पाच-पाच लाखांची मदत महाराष्ट्राने जाहीर केली, मध्य प्रदेशानेही केली. म्हणजे गाडी होती, पैसाही होता आणि परवानगी देणारा अधिकारीही होता. एक दिवस आधी यांतले काहीच हलले नाही. त्या दिवसांत हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा माणसे रुळांवर झोपली तर कोण काय करणार, असा सूर निघाला. प्रश्न चुकीच्या टोकाने विचारला गेला. माणसे रुळांवर का झोपली, यापेक्षा ती रुळांवर का चालत होती, हे विचारायला हवे होते. त्याचे उत्तर आकाशात नव्हते, कार्यालयांच्या टेबलांवर होते.

अशा मजुरांसाठी कायदा नव्हता असेही नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा 1979 सालचा, म्हणजे जालना जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. ठेकेदारामार्फत परराज्यातून आणलेल्या कामगाराची नोंद ठेवावी, त्याला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, विस्थापन भत्ता द्यावा आणि गावाहून येण्या-जाण्याचे भाडे द्यावे, प्रवासाच्या दिवसांची मजुरीही द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. परतीचे भाडे हा मजुराचा हक्क आहे, हे देशाच्या संसदेने 41 वर्षे आधी मान्य केले होते. कागदावर त्याच्यासाठी तिकीट होते, हातात मात्र पोळ्यांची गाठोडी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टाळेबंदीत वाटेवर किती मजूर मेले, असा प्रश्न लोकसभेत आला. अशी आकडेवारी ठेवली जात नाही, असे लेखी उत्तर कामगार मंत्रालयाने दिले. आणि त्याच अधिवेशनात 1979 चा कायदा नव्या कामगार संहितेत सामावून घेताना, तो लागू होण्याची मर्यादा पाच मजुरांवरून दहावर नेण्यात आली. जे घडले त्यातून धडा असा निघाला, की मोजायची माणसे कमी करायची.

भट्टीसमोर एकदा उभे राहून पाहावे. भंगार वितळून त्याची बिलेट होते. लालबुंद बिलेट रोलरांमधून एकेक टप्पा बारीक होत सापासारखी सरकते. सांडशी हातात घेतलेला माणूस डोक्याला ओले फडके गुंडाळून, जाड बूट घालून ती वळवत राहतो. बाहेर मे महिन्याचे बेचाळीस अंश असतात, आत त्याहून कितीतरी जास्त. दर काही मिनिटांनी माणूस बदलतो, कारण त्यापेक्षा जास्त वेळ तिथे कोणी टिकत नाही. इथली सळई मुंबई-पुण्याच्या टोलेजंग इमारतींत जाते, पुलांत जाते. आणि हे काम करणारे हात बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातले असतात.

मग जालन्याचा मजूर कुठे आहे? दसरा-दिवाळी उलटली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. जोडीला एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून एक हिशेब. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या उसाच्या फडात सहा महिने काढायचे. शाळेतली मुले बरोबर जातात किंवा आजी-आजोबांकडे राहतात. शहडोलचा माणूस जालन्यात परका, घनसावंगीचा माणूस सांगली-कोल्हापुरात परका. दोघांच्याही घरी म्हातारी माणसे वाट पाहतात. दोघांचेही नाव ठेकेदाराच्या वहीत असते, सरकारच्या नोंदीत असेलच असे नाही. एकाच जिल्ह्यात रोजगार आहे आणि रोजगारासाठी माणसे बाहेरही जात आहेत, या कोड्याचे उत्तर शोधण्याची निकड कोणाला वाटत नाही, कारण उत्पादन कुठेच थांबलेले नाही.

बियाण्यांचेही असेच. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली. संकरित वाण सामान्य शेतकऱ्याच्या हाती दिले, त्याबद्दल 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये देशात बीटी कापसाला पहिली परवानगी मिळाली ती महिकोच्याच वाणांना. कोरडवाहू मुलखातल्या एका गावाने देशाच्या शेतीचा चेहरा बदलला, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र बियाण्याच्या त्या पिशवीच्या मागे एक बाई आहे. शेडनेटखाली दुपारी ती एकेक कळी उघडून त्यातले पुंकेसर चिमट्याने काढते, खूण म्हणून दोरा बांधते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग लावते. एका फळासाठी एवढे. संकराची किमया तिच्या बोटांतून उतरते. पिशवीवर कंपनीचे नाव, वाणाचे नाव आणि किंमत असते. तिला मिळतो दिवसाचा रोज. आणि जून तोंडावर आला की तिच्याच घरातला माणूस कापसाच्या ठरावीक वाणासाठी कृषी सेवा केंद्रासमोर रांगेत असतो. बियाणे मिळाले तर पाऊस हवा, पाऊस झाला तर गुलाबी बोंडअळी नको, आणि हे सगळे पार पडले तरी भाव त्याच्या हातात नाही.

मोसंबीची कहाणी तर आणखी बोचरी. आंबे बहार धरायचा तर हिवाळ्यात बागेचे पाणी तोडावे लागते. झाडाला ताण द्यायचा, पाने पिवळी पडू द्यायची, मग पाणी सोडायचे, की झाड फुलाने लगडते. झाडाला किती दिवस तहानलेले ठेवायचे याचे गणित इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. 2012-13 च्या दुष्काळात निसर्गाने दिलेला ताण मात्र सुटलाच नाही. विहिरी आटल्या, बोअर कोरडे पडले. शेतकऱ्यांनी कर्ज काढून टँकरने बागा जगवल्या, काहींनी फांद्या छाटून नुसती खोडे तरी वाचवायचा प्रयत्न केला. दहा-पंधरा वर्षे पोटच्या पोरासारखी वाढवलेली हजारो झाडे शेवटी कुऱ्हाडीखाली गेली आणि सरपण म्हणून विकली गेली. पुढे काही वर्षांनी जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. फळाला नाव मिळाले ते चांगलेच झाले. फक्त ज्यांच्या बागा तोवर चुलीत गेल्या होत्या, त्यांना या मानांकनाचा उपयोग काय, हे सोहळ्यात कोणी विचारले नाही.

पाण्याबाबत ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण जणू या जिल्ह्यासाठीच झाली असावी. शेजारच्या पैठणला जायकवाडीचा नाथसागर. त्याचा डावा कालवा अंबड-घनसावंगीच्या शिवारातून जातो. पैठणहून जालना शहरासाठी जलवाहिनीही आली. तरीही शहरातल्या कित्येक भागांत नळाला पाणी आठवड्याने, कधी दहा दिवसांनी येते. घरोघरी ड्रम, पिंप, गच्चीवरच्या टाक्या. पाणी साठवण्याची ऐपत असेल त्याला पाणी पुरते. एका खोलीत राहणाऱ्याकडे दहा दिवसांचे पाणी ठेवायला जागाच नसते, मग तो जार विकत घेतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला पाणी महाग. आणि 2025 च्या सप्टेंबरात याच जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा गोदाकाठची गावे हलवावी लागली, उभे सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली गेला, सुपीक माती वाहून गेली. उन्हाळ्यात टँकर मागणारे गाव पावसाळ्यात होडी मागते. एकाच गावाच्या दप्तरात दुष्काळाचा आणि पुराचा पंचनामा शेजारी-शेजारी लागलेला असतो.

पंचनाम्याचा विषय निघाला, की 2025 मध्ये उघडकीला आलेले प्रकरण टाळता येत नाही. 2022 ते 2024 या काळात अतिवृष्टी, गारपीट वगैरेंनी पिके गेली, त्यासाठी सरकारने मदत दिली. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत या मदतीत सुमारे 25 कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे चौकशीत पुढे आले. शेती नसलेल्यांची नावे, वाढवून दाखवलेले क्षेत्र, एकाच माणसाला दोनदा पैसे असे त्याचे प्रकार. तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले, गुन्हेही दाखल झाले. दोष कोणाचा, किती, हे न्यायालय ठरवील. पण व्यवस्थेचा विनोद पाहा. ज्याचे पीक खरेच गेले, त्याने बांधावर उभे राहून फोटो काढून घेतला, आधार दिले, सातबारा दिला, यादीत विशिष्ट क्रमांक आला का म्हणून सेतू केंद्रात चकरा मारल्या, ई-केवायसीसाठी अंगठा लावला, तो उमटेना म्हणून पुन्हा लावला. आणि ज्याला जमीनच नाही, त्याच्या खात्यात अनुदान बिनबोभाट जमा झाले. खऱ्याला पुरावा द्यावा लागला, खोट्याला लागला नाही. कुंपणानेच शेत खाल्ल्याची ही गोष्ट. फक्त यात शेतही कागदावरचेच होते. या पैशालाही वाट सापडली होती, नेहमीप्रमाणे चुकीच्या दाराची.

आणि पैसा या जिल्ह्यात नाही, असे म्हणायची सोय ऑगस्ट 2022 मध्ये संपली. आयकर विभागाने जालन्यातल्या काही उद्योगसमूहांवर छापे घातले. बोभाटा होऊ नये म्हणून अधिकाऱ्यांचा ताफा नवरा-नवरीच्या नावाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून वऱ्हाडी बनून आला. सुमारे 56 कोटींची रोकड हाती लागली आणि ती मोजायला बारा-तेरा तास लागल्याच्या बातम्या आल्या. गावाने हसून घेतले. दोनच वर्षे आधी याच शहरातून वीस मजूर वाहन मिळेना म्हणून पायी निघाले होते, हे त्या हसण्यात कोणाला आठवले नाही. सरसकट सगळ्या उद्योजकांकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. याच शहरात उद्योजकांच्या दानातून उभे राहिलेले गणपती नेत्रालय आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या गरिबांना दृष्टी देत आले आहे. पण संपत्ती आणि पाणी, संपत्ती आणि मजुरी यांच्यातले अंतर या शहरात जितके उघडे दिसते, तितके क्वचित कुठे दिसते.

रस्त्यांचा थाटही असाच आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. जालन्याजवळून तो सुसाट जातो. त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, काहींना मोबदलाही चांगला मिळाला. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, ट्रॅक्टरलाही बंदी आहे. ज्या शिवारात कालपर्यंत ट्रॅक्टर फिरत होता, तिथल्या समृद्धीवर तो चढू शकत नाही. पलीकडच्या वावरात जायला बोगदा शोधत वळसा घालायचा. मुंबईजवळच्या बंदराशी जोडणाऱ्या ड्राय पोर्टची कोनशिला 2015 च्या डिसेंबरात बसली, तेव्हा मोसंबी थेट जहाजात चढणार अशी स्वप्ने दाखवली गेली. कोनशिलेला मुहूर्त लगेच मिळाला, कामाला वर्षामागून वर्षे वाट पाहावी लागली.

सगळ्यांत गुंतागुंतीची जखम अंबड तालुक्यातली. 29 ऑगस्ट 2023 रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि एका लहानशा गावाचे नाव राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आले. 2024 च्या जूनमध्ये तिथून हाकेच्या अंतरावर, वडीगोद्रीत, ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. दोन्ही मंडपांतल्या माणसांचे सातबारे शेजारी-शेजारी, विहिरी सारख्याच कोरड्या, सोयाबीनला भाव सारखाच नाही. दोघांचीही पोरे स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन छत्रपती संभाजीनगरात, पुण्यात खोल्या करून राहिलेली. दोन्ही बाजूंच्या मागण्यांमागे खरी भीती आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. भांडण मात्र ज्या जागांसाठी चालले आहे, त्या सरकारी नोकऱ्यांची भरती आटत चालली आहे, हे दोन्ही मंडपांना ठाऊक आहे. शेती परवडत नाही हे दुखणे एकच. त्यावर औषध मागायला दोघे वेगवेगळ्या दारांत उभे आहेत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत आहेत.

याच आंदोलनाने इतिहासाचाही एक विचित्र पदर उलगडला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तहसीलच्या अडगळीतली निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधून आणावे लागले. 2 सप्टेंबर 2025 रोजी तर शासनाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेण्याचा निर्णय काढला. ज्या राजवटीच्या जोखडातून सुटण्यासाठी मराठवाडा लढला आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाला, तिच्याच कागदांत आज तो स्वतःची ओळख शोधतो आहे. निजामाच्या कारकुनाने खापरपणजोबाला शेती करणारा म्हणून लिहून ठेवले असेल, तर नातवाचे भले होईल. आज प्रत्यक्ष शेती करणाऱ्याला मात्र त्या शेतीवर मुलाचे लग्न जमेल याची खात्री नाही. परकी राजवट निदान नोंदी ठेवून गेली. आपली लोकशाही राजवट वाटेवर मेलेल्यांचा आकडाही ठेवत नाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, की जालन्याचे नशीबच असे. ते मान्य करण्याचे कारण नाही आणि याचा पुरावाही जालन्यातच आहे. 2012-13 च्या त्याच दुष्काळात निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा जलाशय उघडा पडला. शहराला चढ-उताराचा फायदा घेत, विजेशिवाय पाणी देणारे हे तळे गाळाने भरले होते. तेव्हा उद्योजक, व्यापारी, शेतकरी, नोकरदार एकत्र आले, वर्गणी जमली, पोकलेन लागले, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर गाळ शेतांत गेला. ओसाड जमिनींना काळी माती मिळाली आणि तळ्याला खोली. कुंडलिका नदीवर बंधारे झाले. जालना तालुक्यातले कडवंची तर त्याही आधीचे उदाहरण. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली 1996 पासून तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाची कामे झाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी झाली, मग द्राक्षे आली. पाऊस आजूबाजूच्या गावांइतकाच, पण मोठ्या दुष्काळातही कडवंचीच्या बागा उभ्या राहिल्या. पाणी अडवण्याआधी उपसण्याचीच घाई झाली आणि बोअरच्या पाण्याने शेततळी भरू लागली, की हेच यश उलटते, हेही पुढच्या काळात ठिकठिकाणी दिसले. तेव्हा कडवंचीचा धडा शेततळ्याच्या प्लॅस्टिकात शोधू नये. आधी पाण्याचा हिशेब आणि मग पीक, हा तो धडा आहे.

घाणेवाडी आणि कडवंचीत वेगळे काय घडले? तिथे काम ज्याच्यासाठी होते, तो माणूस कामाच्या जागी हजर होता. गाळ किती निघाला हे ट्रॅक्टर मोजणाऱ्याला ठाऊक होते, बांध कुठे फुटला हे त्या वावराच्या मालकाला ठाऊक होते. हिशेब उघड्यावर होता. करमाडच्या रुळांवर, अनुदानाच्या यादीत, टँकरच्या फेऱ्यांत आणि ठेकेदाराच्या वहीत हिशेब बंद दाराआड राहिला. जालन्यातल्या क्रूर विसंगती जिथे नोंद नाही किंवा नोंद कोणी वाचत नाही तिथे पोसल्या गेल्या. त्यामुळे उपायही फार भव्य नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्यात परराज्यातला कामगार किती, त्याचा ठेकेदार कोण, परतीच्या भाड्याची सोय काय, याची यादी कामगार कार्यालयाने दरवर्षी जाहीर करावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांची नोंद गावाने निघण्याआधी करावी. नळ किती दिवसांनी आला याचा प्रभागवार तक्ता महापालिकेने लावावा. आणि अनुदानाची यादी पैसे जमा होण्याआधी गावासमोर यावी. शेती कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. 25 कोटींचा घोटाळा एका सार्वजनिक वाचनात अडला असता.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही, जीआरची वाटही पाहावी लागत नाही. 1 मे हा महाराष्ट्रात ग्रामसभेचाही दिवस आहे. आज जिल्ह्यातल्या गावागावांत ती भरेल, बहुतेक ठिकाणी नेहमीच्या दहा-बारा सह्यांवर उरकेल. घाणेवाडीचा गाळ काढताना लोकांनी कोणाच्या मुहूर्ताची वाट पाहिली नव्हती. आज सभेत उभे राहून, ‘मागच्या वर्षीच्या अनुदानाची यादी मोठ्याने वाचून दाखवा, आणि गावातून ऊसतोडीला कोण कोण गेले त्यांची नावे लिहून घ्या,’ एवढे म्हणायला फक्त एक माणूस पुरेसा आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला मग नाही म्हणता येत नाही.